लांज्याहून मुंबईला रात्रीच्या गाडीने : नवशिक्यांसाठी सूचना

या सूचना बदली होऊन लांज्यात आलेले शिक्षक, बँकेतले नवे कारकून, या तालुक्यात लग्न होऊन आलेल्या घाटावरच्या सुना आणि मुंबईत जन्मून आता काजूची कलमं बघायला गावी येऊ लागलेले चाकरमान्यांचे वंशज यांच्यासाठी आहेत. बाकीच्या लांजेकरांनी त्या वाचू नयेत. त्यांना सगळं ठाऊक आहे, शिवाय ते चुका काढतील.

आधी एक शंका फेडून टाकू. कोकण रेल्वे असताना गाडीने कशाला जायचं? रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून सलग धावते आहे, ती लांजा तालुक्यातूनच जाते आणि आडवली, विलवडे अशी स्टेशनंही तालुक्याला आहेत, हे सगळं खरं. पण ही स्टेशनं बाजारपेठेत नाहीत, आणि नावाजलेल्या बहुतेक गाड्या तिथून शिट्टी वाजवत पुढे जातात. त्यांच्यासाठी रत्नागिरी गाठायचं, म्हणजे मुंबईच्या प्रवासाआधी आणखी एक प्रवास करायचा. तिकिटाचं म्हणाल तर रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या दिवसांचं तुम्ही चष्मा शोधेपर्यंत संपतं. महामार्ग मात्र गावाच्या मधून जातो. संध्याकाळचा दिवा लावून निघायचं आणि सकाळच्या दुधाला बोरिवलीत पोचायचं. मध्ये साडेतीनशेच्या वर किलोमीटर आणि एक रात्र एवढंच असतं.

गाडी निवडणे

जाती दोन: एसटी आणि ट्रॅव्हल्स. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, तेव्हापासून तिला वेळापत्रक आहे. ट्रॅव्हल्सला वेळ असते, वेळापत्रक नसतं. एसटी वाटेत बसली तर मागून येणारी एसटी तुम्हाला उचलते, उभ्याने का होईना. ट्रॅव्हल्स बसली तर ड्रायव्हर खाली उतरून कोणाशी तरी फोनवर बोलू लागतो, आणि ते बोलणं उजाडेपर्यंत चालतं.

पैशाचा हिशोब सहकुटुंब जाताना नीट समजून घ्यावा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तिकीट नाही. बायकोला १७ मार्च २०२३ पासून अर्धं. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धं. म्हणजे चौघांत पूर्ण तिकिटाचे तुम्ही एकटे, आणि २०२५ च्या जानेवारीत भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं ते मुख्यत्वे तुमच्याच अंगावर. यावरून आपला मान वाढला असं समजू नये. आजीला हवा लागते म्हणून खिडकी आजीची, मुलाला बाहेरचं दिसायला हवं म्हणून दुसरी खिडकी मुलाची, आणि पूर्ण तिकिटाच्या माणसाच्या मांडीवर आगळाचा कॅन.

ट्रॅव्हल्सचं भाडं पावसाळ्यात माणसात असतं. मे महिन्यात आणि गणपतीत ते माणसातून उठतं. त्याच अंतराच्या एसटी भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये, असा शासननिर्णय २०१८ पासून आहे. नवशिक्याने त्याची छापील प्रत बुकिंगच्या टेबलावर ठेवून पाहावी. टेबलामागचा भाऊ ती वाचेल, "बरोबर आहे तुमचं," म्हणेल, आणि मग विचारेल, "अप्पर देऊ का लोअर?"

अप्पर घ्यावा की लोअर, यावर लांज्यात दोन तट आहेत. लोअरवाल्यांच्या पायावर रात्रभर येणारे-जाणारे पाय देतात. अप्परवाल्यांना घाटात झोका मिळतो, जो मागितलेला नसतो, आणि एसीचं भोक नेमकं कपाळावर येतं. ते भोक फिरवून बंद होतं असं त्यावर दाखवलेलं असतं. ते फिरतं, बंद होत नाही. त्यासाठी वर्तमानपत्राचं अर्धं पान न्यावं. एकट्या पुरुषाने डबल बर्थमधली एक जागा घेतली तर शेजारी कोण येईल हे गाडीत चढेपर्यंत कळत नाही. सहसा चांगला माणूस येतो, फक्त तो मोठा असतो.

एसटीत मागच्या चाकावरची सीट आणि शेवटचा बाक या दोन जागा टाळाव्यात. शेवटच्या बाकावर बसलेला माणूस हातखंब्यापर्यंत बसलेला असतो. पुढे तो अधूनमधून बसतो. खिडकीची काच आपोआप खाली सरकते आणि सरकताना दात वाजल्यासारखी वाजते. पूर्वी कंडक्टरने पंच मारून दिलेली तिकिटं जाड असत, त्यांच्या घड्या करून फटीत बसवल्या की काच गप्प व्हायची. आताचं मशीनचं तिकीट पातळ, आठ घड्या घातल्या तरी पुरत नाही. त्यासाठी एखादी लग्नपत्रिका जवळ बाळगावी. मे महिन्यात ती असतेच.

सामान

आता मुख्य विषयाकडे येऊ. नवशिक्याचा असा समज असतो की रात्रीच्या गाडीने माणूस जातो आणि त्याच्याबरोबर थोडं सामान असतं. प्रत्यक्षात सामान जातं, आणि ते सोडायला कोणीतरी लागतं म्हणून माणूस असतो. हे एकदा मनाने घेतलं की पुढचं सोपं आहे.

मुंबईला निघाल्याची बातमी फोडू नये, असं सांगायची पद्धत आहे. पण ती फुटतेच. तिकीट काढायला तुम्ही बाजारात गेलेले असता, आणि दुकानात पिशवी विकत घेताना कोणीतरी बघितलेलं असतं. दिवेलागणीच्या आत पहिली पिशवी येते.

"बोरिवलीलाच चाललास ना रे?"

"हो काकी."

"मग दहिसरला देशील. जवळच आहे म्हणे. कोकमाचा आगळ आहे, फक्त उभा धरायचा."

"रात्रभर?"

"मग काय झालं? तू गाडीत झोपतोस थोडाच!"

काकींशी वाद घालू नये. काकींच्या मागे रांगेत वहिनी आहेत, त्यांच्या हातात कुळथाचं पीठ आहे. त्यांच्यामागे शेजारचे नाना आहेत. नाना रिकाम्या हाताने आलेले दिसतात, म्हणून नवशिक्या त्यांना हसून "या नाना" म्हणतो. नाना म्हणतात, "फणस अंगणात ठेवलाय."

फणसाचे नियम वेगळे. भाजीचा कच्चा फणस निर्धास्त न्यावा. त्याचा कोणाला उपद्रव नाही, पायाखाली ठेवला तर पाय टेकायला बरा. पिकलेला फणस डिकीत द्यावा आणि त्याची मालकी कबूल करू नये. तो एसी गाडीत वर आणलात तर संगमेश्वरच्या आत सगळ्या गाडीला कळतं की फणस आहे, सावर्ड्यापर्यंत कोणाचा आहे तेही कळतं, आणि चिपळूणनंतर तो कापा आहे की बरका यावर मतं पडू लागतात. सुक्या मासळीची पिशवी मात्र कुठेच लपत नाही. ती नेणाराने चेहरा निर्विकार ठेवावा आणि इतरांबरोबर आपणही नाक मुरडून इकडेतिकडे बघावं.

आंब्याची पेटी हा या विद्येतला वरचा वर्ग. पेटीला सुतळी दोन्ही बाजूंनी आडवी-उभी, गाठ वर. खाली आलेली गाठ हमालाच्या बोटात अडकते आणि पेटी सुटते. जाड मार्करने नाव लिहावं, तेही तीन बाजूंना, कारण चौथी बाजू आणि वरची बाजू डिकीत कधीच दिसत नाही. नुसतं नाव लिहून भागत नाही. डिकीत भाऊ, दादा आणि नाना या नावांच्या निदान दोन-दोन पेट्या असतात, म्हणून उतरायचं ठिकाणही लिहावं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पेटी चढवताना स्वतः डिकीपाशी उभं राहावं. क्लीनर आधी आलेलं आत ढकलतो. बोरिवलीवाला आधी आला तर त्याची पेटी आत, आणि पनवेलला उतरणाऱ्याची दारापाशी. हे झालं शहाणपणाचं. पण पनवेलवालाच आधी आला असेल, तर पहाटे चार वाजता पनवेलला अख्खी डिकी रस्त्यावर मांडली जाते. तेव्हा मोबाइलच्या उजेडात पेट्यांवरची नावं वाचत उभे असलेले, एक चप्पल घातलेले लोक दिसतात, त्यांत तुम्ही असता.

काही लोक स्वतः न जाता नुसती पेटीच ट्रॅव्हल्समध्ये टाकतात, ड्रायव्हरच्या हातात पैसे देतात आणि मुंबईच्या मुलाला गाडीचा नंबर कळवतात. हा प्रवासाचा सर्वांत सुखाचा प्रकार आहे. पेटीला गाडी लागत नाही.

वाट पाहणे

लांज्याहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण बऱ्याचशा दक्षिणेकडून येतात, राजापूरकडून, सिंधुदुर्गातून, आणि येताना त्यांची वेळ वाटेत सांडलेली असते. बुकिंगवाल्याला फोन करावा, पण तो सांगेल ते ठिकाण जसंच्या तसं घेऊ नये. "वाकेडला आली" म्हणजे राजापूरला आहे. "राजापूर सोडलं" म्हणजे राजापूर दिसतं आहे. "पाच मिनिटांत पोचतेय" म्हणजे घरी जेवून यायला वेळ आहे, पण जाऊ नये, कारण गेलात तर ती खरोखरच पाच मिनिटांत येते.

उभं कुठे राहायचं हेही विचारून ठेवावं. महामार्गाचं चौपदरीकरण आणि उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून बाजारातल्या जुन्या खुणा इकडच्या तिकडे झाल्या आहेत. गाडी पुलाच्या अलीकडे थांबणार की पलीकडे, हा प्रश्न तिकिटाइतकाच महत्त्वाचा. अलीकडे म्हणजे कोणाच्या अलीकडे, हा त्याच्या पुढचा.

वाट पाहताना एखादे म्हातारे आजोबा पूर्वीच्या बोटींची आठवण काढतील. किनाऱ्यावरच्या बंदरापर्यंत चालत जायचं, पडावातून खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीपर्यंत जायचं, वर चढायचं, आणि पावसाळा लागला की बोट बंद. हे ऐकून गाडीला झालेला उशीर अर्ध्याने कमी वाटतो. अर्धा उरतोच.

रस्ता

रस्ता तोच, नंबर बदलला. पूर्वी १७ होता, आता ६६. लांजा सोडलं की अंजणारीचा उतार आणि काजळी नदीवरचा पूल लागतो. २०२२ च्या सप्टेंबरात याच पुलावरून गॅसचा टँकर नदीत कोसळला आणि महामार्ग बंद झाला होता. त्यानंतर लांजेकरांना आसपासच्या गावांतून जाणाऱ्या आडवाटा तोंडपाठ झाल्या आहेत. गाडी जरा थांबली की कोणीतरी त्या ड्रायव्हरला सांगायला पुढे जातो. नवशिक्याने जाऊ नये. पुढे पाली, हातखंबा तिठा, संगमेश्वर, सावर्डे, चिपळूण, परशुराम घाट, भरणे नाका ही नावं क्रमाने पाठ करावीत, म्हणजे झोपेतून उठून बाहेर बघितल्यावर आपण कुठे आहोत हे कळतं. दिवे असलेलं चिपळूण आणि दिवे असलेलं महाड यांत गल्लत करणारे लोक अजून निम्मी रात्र बाकी आहे हे ऐकून खचलेले पाहिले आहेत.

ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी कशेडी घाट हा पूर्वी मोठा पेपर होता. वळणावर वळण, पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि गाडीत लिंबाचा, आवळासुपारीचा आणि आणखी एक वास. आता डोंगरातून बोगदा झाला. २०२३ च्या गणपतीआधी त्याची एक बाजू उघडली, आणि जो घाट चढून उतरायला पाऊण तास जायचा तो भाग काही मिनिटांत सरू लागला. गाडी लागणाऱ्यांनी यावर विसंबू नये. ती लागायची असली की कुठेही लागते, सपाटीलाही लागते. काहींना स्टँडवरच्या डिझेलच्या वासाने सुरुवात होते. उपाय नेहमीचेच: पोट तट्ट भरून चढू नये, मोबाइल बघू नये, पुढची जागा घ्यावी, लिंबू हुंगावं, आणि पिशवी हाताशी ठेवावी. पिशवीला भोक नाही ना, हे घरून निघतानाच फुंकून बघावं. शेजाऱ्याला आधी सांगावं का? सांगू नये. सांगितल्यावर तो तुमच्याकडे बघत बसतो, आणि कोणी बघत बसलं की लागतेच.

महाडला सावित्रीवरून गाडी जाते तिथे थोडं थांबून लिहितो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुराने इथला इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल वाहून नेला, आणि त्याबरोबर दोन एसटी गेल्या. एक जयगड–मुंबई, दुसरी राजापूर–बोरिवली. ती दुसरी गाडी त्या संध्याकाळी लांज्यावरूनच पुढे गेली होती. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. तिथून जाताना जाग असली तर गाडीतली जुनी माणसं हात जोडतात. त्याबद्दल सूचना देण्याचं कारण नाही.

माणगाव, इंदापूर ओलांडल्यावर रस्त्याचा वेगळा स्वभाव सुरू होतो. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं रुंदीकरण २०११ ला सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं मूल लांज्याहून मुंबईला अर्ध्या तिकिटावर जाऊन आलं, मग पूर्ण तिकिटावर जाऊ लागलं, आणि दोन्ही वेळा वळण रस्त्याच्या पाट्या वाचत गेलं. वडखळ आलं हे डोळे मिटूनही कळतं. गाडी थांबलेली असते.

जेवण

रात्री दहा-साडेदहाला, नुकता डोळा लागलेला असताना, गाडीतले सगळे दिवे एकदम लागतात. क्लीनर दार उघडून ओरडतो, "जेवण, चहा, वीस मिनिटं! गाडी लॉक होणार!" हे शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. लॉक होणार म्हणजे आत बसून घरची भाकरी खायचा तुमचा बेत बारगळला.

खाली उतरल्यावर सर्वांत आधी गाडीचा नंबर बघावा. आसपास तशाच रंगाच्या, तशाच पडद्यांच्या आणखी चार गाड्या उभ्या असतात, त्यांतली एक गोव्याला चाललेली असते. नंबरातले शेवटचे चार आकडे पाठ होईपर्यंत जागेवरून हलू नये.

थाळी घ्यावी की नाही हा ज्याच्या त्याच्या पोटाचा प्रश्न, मात्र पनीर घेऊ नये. चहा घ्यावा, तो गोड असतो आणि गरम असतो, त्या वेळी एवढंच पुरतं. पण नजर घड्याळावर ठेवू नये, ती ड्रायव्हरच्या हातावर ठेवावी. ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण निराळ्या खोलीत वाढतात, आणि ते आपल्या जेवणापेक्षा बरं असतं. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, तरी ड्रायव्हरचा हात ताटात आहे तोवर तुम्ही खुशाल बसा. तो उठून बेसिनकडे गेला की बिल द्या. तो टॉवेलला हात पुसू लागला तरी तुम्ही सुट्ट्या पैशांची वाट बघत काउंटरवर उभे असाल, तर सुट्टे सोडा.

स्वच्छतागृहाविषयी बायकांना सूचना देण्याची या लेखकाची लायकी नाही. त्या संध्याकाळी चारनंतर पाणी पीत नाहीत, आणि ही गोष्ट एवढ्या वर्षांत एवढ्या हॉटेलवाल्यांना समजू नये याची त्यांनाच लाज वाटली पाहिजे.

शेजारी

शेजारचा माणूस विचारेल, "कुठले?"

"लांजा."

"लांज्यात कुठे?"

इथे खरं सांगितलंत की तुम्ही अडकलात. गाव सांगितलं की वाडी विचारतो, वाडी सांगितली की आडनाव, आडनाव सांगितलं की "म्हणजे पोस्टात होते त्यांचे कोण?" हातखंब्यापर्यंत ओळख निघते आणि संगमेश्वरचा पूल ओलांडेपर्यंत नातं. तुमच्या आत्याच्या जावेचं माहेर त्याच्या मामाच्या घराला लागून असतं. रात्री दोन वाजता तो तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून घोरू लागतो. परका असता तर हलवला असता. आता हलवता येत नाही. वर सकाळी तोच घरी फोन करून सांगणार, "पोरगा चांगला आहे, पण गाडीत झोपतो फार."

झोप

घेऊ नये. आलीच तर फोन येतो. मुंबईची बहीण अकरा वाजता विचारते, "कुठे आलास?" आई बारा वाजता विचारते. काकी साडेबाराला विचारतात, आगळ उभा आहे का.

उतरणे

पनवेलनंतर गाडीतला अंधार बदलतो. कळंबोली, खारघर, बेलापूर, वाशी अशी हाक सुरू होते आणि गाडी थोडी थोडी रिकामी होते. नेमके इथेच नवशिक्याला गाढ झोप लागते. आपला थांबा क्लीनरला सांगून ठेवावा, पण त्याच्यावर सोडू नये. तो सायनला झोपतो. एसटीत कंडक्टर-मास्तरांना सांगून ठेवलं तर ते लक्षात ठेवतात, आणि विसरलात तर चारचौघांत रागावतातही, जे एका परीने बरं.

गणपतीतली उलटी दिशा

वरचं सगळं लांज्याहून मुंबईला जातानाचं. गणपतीत ते उलटं होतं आणि दसपट होतं. एसटी हजारोंनी जादा गाड्या सोडते. मुंबईतली मंडळं गट आरक्षण करून अख्खी गाडी घेतात, आणि ती गाडी स्टँडवर न थांबता थेट वाडीच्या तोंडापर्यंत येते. या दिवसांत सामानात मखराच्या पुठ्ठ्यांची, विजेच्या माळांची, ढोलकीची आणि एका मोठ्या, न उघडलेल्या टीव्हीच्या खोक्याची भर पडते. खोकं मधल्या वाटेत ठेवतात. सगळ्यांनी त्यावरून उड्या मारत जायचं आणि त्याला पाय लावायचा नाही.

एवढ्या गाड्या कोकणातल्या आगारांकडे नसतात, म्हणून त्या राज्यभरातून मागवतात. त्यामुळे पहाटे चार वाजता, धो धो पावसात, लाल मातीच्या घसरड्या उतारावर, मराठवाड्यातल्या एखाद्या आगाराचे ड्रायव्हर स्टिअरिंगवर असतात आणि त्यांच्या बाजूला वाडीतला जाणता माणूस वाट दाखवायला उभा असतो. ही जबाबदारी तुमच्यावर आली तर काय टाळायचं, ते या संभाषणावरून समजून घ्यावं.

"पुढं डावीकडं घ्यायचं का उजवीकडं, दादा?"

"सरळ घ्या मामा. फणसाचं झाड आलं की डावीकडे."

मामा हेडलाइट वर करतात. उजेडात झाडंच झाडं. "ह्यातलं फणसाचं कुठलं म्हणायचं?"

"मोठं. मागच्या वर्षी पडलं ते."

गाडीत मागून चार माणसं एकदम वेगवेगळी दिशा सांगू लागतात. मामा गाडी थांबवतात, खाली उतरतात, बॅटरीने रस्ता बघतात, पुन्हा चढतात आणि मागे वळून एवढंच म्हणतात, "एकानंच सांगायचं." तो एक कोण, हे वाडीत ठरायला गणपती विसर्जनापर्यंतचा वेळ लागला असता, म्हणून मामा स्वतःच्या मनाने डावीकडे घेतात, आणि डावीकडेच असतं. त्यांना चहा, जेवण आणि झोपायला पडवी द्यावी. परतीच्या तारखेपर्यंत ते वाडीचे पाहुणे, आणि पुढच्या वर्षी कोणी त्यांच्या गावाकडचं भेटलं तर "त्या मामांना ओळखता का?" असं आपण नक्की विचारणार.

रिकामी भांडी

मुंबईत पोचवलेल्या वस्तूंची भांडी परत जातात, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही. आगळाच्या बाटल्या, पिठाचे डबे, लोणच्याची बरणी, पेटीतल्या गवतासकट रिकामी पेटी. ती कधीच अगदी रिकामी परत पाठवायची नसतात. बाटल्या धुवून, उलट्या वाळवून, झाकणं घट्ट लावून डब्यात चहापावडर किंवा फरसाण घालावं, आणि काकींच्या डब्यात जास्त, कारण त्या मोजतात. आपली सुट्टी संपलेली असली तर शुक्रवारी रात्री गावाकडे कोण चाललं आहे याची चौकशी करावी. कोणीतरी असतंच. सध्या दहिसरच्या वहिनींचा भाचा चालला आहे, त्याने तिकीट काढल्याचं अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्याच्याकडे उद्याच संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन जावं, आणि तिसरी रिक्षात ठेवून आधी त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलावं. त्याला गाडी लागते, तेवढं मात्र त्याच्या आईसमोर काढू नये.